बाईंनी मागितलेली माफी

अठरा वर्षं बाईंनी गणित शिकवलं. त्या वर्गात शिरल्या की पोरं चिडीचूप. मग एका वर्षी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीने मध्येच शाळा सोडली. ती का गेली, हे बाईंना सांगता येईना. रोज समोर बसणारी पोर, आणि आपल्याला तिचे फक्त मार्क ठाऊक, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. बेचाळिसाव्या वर्षी त्या समुपदेशन शिकायला बसल्या. लेकीची आणि त्यांची परीक्षा एकाच महिन्यात आली. "आता मी कुणाकुणाच्या मागे लागू अभ्यास कर म्हणून?" नवरा म्हणायचा.

पुढे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या मुलांना भेटू लागल्या. बाहेर आईबापांसाठी खुर्च्या. आत बुटकं टेबल, रंगखडू, लाकडी बाहुल्या. मुलांची नजर सारखी काट्यांकडे जाऊ नये म्हणून घड्याळ त्यांच्या पाठीमागे.

तिथे बारा वर्षांची एक मुलगी यायला लागली. बसल्या बसल्या स्वतःचे केस उपटायची. कानामागे बटणाएवढा डाग उघडा पडला होता. तीन भेटी नुसती रंगवत बसली. चौथ्या भेटीत मान वर न करता म्हणाली, "आईबाबांचं भिंतीपलीकडे सुरू झालं ना, की हात आपोआप जातो."

बाईंना गलबलून आलं. त्या भरात, मुलीला न विचारताच, त्यांनी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, "तिच्या कानावर भांडणं पडू देऊ नका."

पुढच्या भेटीला मुलगी आली ती खिडकीकडे तोंड करून बसली. मग फणकारली, "आई म्हणाली, घरातलं चव्हाट्यावर मांडतेस. तुम्ही तर म्हणाला होतात, माझ्या जिवाला धोका नसेल तर इथलं इथेच राहील."

बाईंच्या ओठांवर सबबी आल्या होत्या. तुझ्या भल्यासाठीच, वगैरे. त्या त्यांनी गिळल्या.

"माझं चुकलं. तुला विचारायला हवं होतं."

"आईसमोर म्हणाल?"

आईबापांपुढे समुपदेशकच चुकली म्हटल्यावर उद्या विश्वास कोण ठेवणार? तरी त्यांनी दार उघडून आईला आत बोलावलं आणि तेच शब्द पुन्हा उच्चारले. आई आधी गोरीमोरी झाली. मग खाली बघत लेकीला म्हणाली, "मीही तुला बोलायला नको होतं गं. तू खरं तेच सांगितलंस."

मुलीने लगेच काही गळ्यात हात टाकले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाली. पण पुढच्या आठवड्यात आली, आणि खिडकीकडे पाठ करून बसली.

आईबाबांचं काही जुळलं नाही. वर्षाच्या आत बाबा वेगळे राहायला गेले. त्या दिवसांत मुलीचा हात पुन्हा केसांकडे जाऊ लागला, तेव्हा तिने स्वतःच येऊन सांगितलं. दोन वर्षं लागली, पण ती सवय सुटली.

बाई आता घरी कळवण्याजोगं काही असलं, की काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, ते मुलालाच आधी विचारतात. एकदा एका सहा वर्षांच्या पठ्ठ्याने पुरता विचार करून सांगितलं, "बाबांना सांगा, पण ते जेवल्यावर." बाई थांबल्या, आणि बाबांचं जेवण झाल्यावरच त्यांनी फोन केला.