रिकाम्या गादीपुढची ललकारी

वाळ्याचा वास आला की तंजावूरचा तो दसरा आठवतो आणि डोकं तापतं. राज्य इंग्रजांनी केव्हाच खालसा केलं होतं, तरी वाड्यात रिकाम्या गादीला वाळ्याच्या पंख्यानं वारा घालत आणि आमचे चोपदार काका तिच्यापुढे ललकारी देत. त्या सकाळी त्यांनी चांदीचा दंड माझ्या हातात कोंबला. "यंदापासून तू." मला तर त्याच दिवशी जवळच्या पापनाशम गावच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू व्हायचं होतं; तिथे नव्या मुलांचा विद्यारंभ दसऱ्यालाच होतो. "पोरं हाकणं आपल्या घराण्याला शोभतं का?" काका म्हणाले. "पोरं निदान समोर बसलेली असतात, काका," मी म्हणालो. दंड त्यांच्या पायाशी ठेवला आणि तडक निघालो. मन पक्कं होतं. काका माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. दुपारी मुलं माझ्यापुढे तांदळात अक्षरं गिरवत होती. आजही नव्या मुलाला मी त्याचं घराणं विचारत नाही.