मायच्या मिस्ड कॉलचं अ‍ॅप

“चप्पल नको. चप्पल काढायला सांग त्यांना,” सर म्हणाले.

सर म्हणजे आमच्या स्टार्टअपचे फाउंडर. पुण्याचे. वाशीमजवळच्या मालेगावच्या अलीकडं, रस्त्याले लागून असलेल्या एका वावरात अ‍ॅपच्या जाहिरातीचं शूटिंग चालू होतं. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून झालेलं वावर. कॅमेऱ्यासमोर माही माय उभी होती. सर तिच्याशी सरळ बोलतच नव्हते. ते मले सांगत, अन् मी मायले.

सोंगलेल्या सोयाबीनची धसकटं ज्याच्या पायात गेली त्यालेच माहीत. तिरपी कापलेली, वाळलेली, टोकदार. आमच्याकडं कोणतीच बाई तशा वावरात अनवाणी जात नाही. बूट घालते, नाहीतं जाड चप्पल. पण शहरातल्या माणसाले गरीब बाई अनवाणीच पाहिजे.

त्याच्या आधी लुगडं बदलून झालं होतं. माय तिच्या भाचीच्या लग्नातलं निळं पातळ नेसून आली होती. ठेवणीतलं. सर म्हणाले, “हे फार ब्राइट आहे. रोजचं, जरा फाटकं काही नाहीये का?” मी घरी जाऊन फाटकं आणलं. मायनं तुरीच्या आड जाऊन ते नेसलं. मेकअपवाल्यानं तिच्या गालाले माती फासली तं ती हसली. म्हणे, “मातीच लावाची होती तं मी आंघोय कायले केली व?”

मग चप्पल. तिनं माह्याकडं पाह्यलं.

“काढू काय व?”

“काढ,” मी म्हणली.

हे मी म्हणली. बाकीचा अपमान दुसऱ्यांनी केला, तो मी सांगणारच आहे. पण हा शब्द माह्या तोंडातून निघाला. तो लपवला तं बाकी सारं खोटं होईन.

माय चारदा चालली. बांधापासून कॅमेऱ्यापर्यंत, चारदा. तिसऱ्या खेपेले लंगडाले लागली. सरांनी स्क्रीनवर पाह्यलं अन् कॅमेरावाल्याले म्हणाले, “ही चाल एकदम ओरिजिनल आहे. हाच टेक ठेव.” मग तिले एक वाक्य पाठ कराले लावलं. “मला काहीच समजत नव्हतं. सरांनी मला काम दिलं.” मायनं ते नीट म्हटलं. ‘मला’ म्हणताना थोडी अडखळली, तेवढंच.

मीबी कंपनीत ‘मला’ म्हणायची. मिटिंगमध्ये, फोनवर, चहा पिताना. जीभ वळवून वळवून थकली मी. इथं नाही वळवत.

मायले काहीच समजत नव्हतं, म्हणे. माही माय टोळीची म्होरकी होती. आमच्या अन् शेजारच्या दोन वस्त्यांतल्या पंधरा बाया. सोयाबीन सोंगाले आलं की कास्तकार सकाळी फटफटीवर टोळ्या शोधत फिरतात. काम गुत्त्यानं ठरते, म्हणजे इतके एकर ठोक. ते ठरवाले म्होरकीले आदल्या दिवशी माहीत पाहिजे, उद्या किती बाया येतात. कोणाचं लेकरू तापलेलं असते, कोणाच्या घरी पाहुणे. तीन वस्त्या पायी फिरून इचारणार कोण?

मायले लिहिता-वाचता येत नाही. आकडे ओळखते. तिच्याजवळ बटनवाला फोन होता अन् बायांच्या फोनात बॅलन्स नसे. तिनं तरकीब काढली. दिवे लागले की जिले उद्या कामाले याचं तिनं एक मिस्ड कॉल द्यायचा. नसन याचं तं दोन. माय चुलीजवळ फोन ठेवून भाकरी थापे अन् बोटावर मोजे. शेवटी स्वतः एक-एक मिस्ड कॉल देई, म्हणजे काम लागलं, सकाळी फाट्यावर या. एकही शब्द बोलाची गरज नाही.

मी वाशीमले बीसीए करत होती. शेवटच्या वर्षाले प्रोजेक्ट लागतो. पोरापोरींनी लायब्ररीचे, दवाखान्याचे प्रोजेक्ट केले. मी मायचा मिस्ड कॉल कॉम्प्युटरवर चढवला. एक नंबर घेतला. बायांनी त्याच्यावर रिंग द्यायची. कोणत्या वस्तीत किती बाया मोकळ्या, हे आपोआप मोजलं जाई अन् कास्तकाराले मेसेज जाई. काम ठरलं की त्याच नंबरावरून बायांले एक रिंग. दोन हंगाम चाललं. मालेगावात चाललं, मंगरूळपीरकडच्या टोळ्याबी जुळल्या. मायनं मले शिकवलं, मी फक्त टाइप केलं, हे मी तवा साऱ्यांले सांगत होती. अभिमानानं सांगत होती.

मग वाशीमले स्टार्टअपवाल्यांचा मेळावा झाला. पाच मिनिटांत आपली आयडिया सांगायची, त्याले पिच म्हणतात. मी सांगाले लागली, “मले हे माह्या मायच्या...” अन् पुढच्या रांगेत हसू फुटलं. परीक्षकांत सर होते. म्हणाले, “आयडिया रॉ आहे, पण पोटेन्शियल आहे. प्रेझेंटेशनची भाषा सुधारायला हवी.” खाली उतरल्यावर मले बाजूले बोलावलं. आडनाव विचारलं. मग गाव. मग पुन्हा आडनाव. मग नोकरीच देऊ केली. कम्युनिटी मॅनेजर.

नोकरीचा कागद इंग्रजीत होता, लय पानांचा. मायनं विचारलं, “टोळीचं नाव हाय काय त्याच्यात?” मी न वाचताच हो म्हणली अन् सही केली. शिकलेली पोरगी. चार ओळीबी वाचल्या नाहीत.

कंपनीत गेल्यावर तिसऱ्याच महिन्यात मार्केटिंगच्या मिटिंगमध्ये मले आमचीच गोष्ट ऐकाले भेटली. सर गाडीनं विदर्भातून चालले होते. रस्त्याच्या कडेले एक हताश मजूर बाई दिसली. त्यांनी गाडी थांबवली. त्याच क्षणी त्यांच्या डोक्यात अ‍ॅप आलं. हे वेबसाइटवर जाणार होतं, पैसे लावणाऱ्यांच्या सादरीकरणात पहिल्या पानावर जाणार होतं. मायची जाहिरातबी याच्यावरच बनली.

मी म्हणली, “सर, पण हे माझ्या आईचं आहे.”

“अगं, माहितीये मला. पण ब्रँडला स्टोरी लागते. मिस्ड कॉल देणारी बाई म्हटलं तर इन्व्हेस्टर ऐकून घेईल का? आणि शेवटी तुमच्या लोकांचाच फायदा आहे यात.”

तुमच्या लोकांचा. बाकीच्यांनी लॅपटॉपमध्ये माना घातल्या. मीबी घातली. मले ओळखपत्राची निळी फीत आवडत होती, खुर्ची आवडत होती. खरं सांगते, आवडत होती. अन् त्या फाटक्या लुगड्यातल्या बाईची मी पोरगी आहे हे जाहिरात पाहणाऱ्यांले समजू नये असंही वाटत होतं. त्याचीच लाज आता जात नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर अ‍ॅप बाजारात आलं. त्यात कास्तकार टोळीले तारे देणार, बाईनं फोटो टाकायचा, लोकेशन चालू ठेवायचं. मिस्ड कॉलचा नंबर म्हणे जुनाट सिस्टीम, बंद करा. व्हिडिओ कॉलवर ठरलं. मी त्या कॉलवर होती. विचारलं, “बायांना कळवणार कसं?” कोणीतरी म्हणालं, “सगळ्यांना मेसेज टाकलाय.”

मेसेज टाकलाय. वाचता येत नव्हतं म्हणून तं मिस्ड कॉल होता.

अन् नंबर चालूच ठेवला होता. मागचं मोजणं अन् कास्तकाराले मेसेज जाणं बंद, रिंग चालू. मिस्ड कॉल असा असतो की तिकडून कोणी उचलायचंच नसते. मग बंद पडलं हे समजन कोणाले? दिवे लागले की तिन्ही वस्त्यांतून रिंगा गेल्या. पंधराही बायांनी दिल्या. सकाळी विळे अन् डबे घेऊन फाट्यावर येऊन बसल्या. काम ठरल्याची रिंग तिकडून आली नाही, तं त्यांले वाटलं रेंज नसन. कास्तकार तिकडं अ‍ॅपात टोळी शोधत होते अन् टोळी इकडं फाट्यावर. दुसऱ्या दिवशीबी तेच. चौथ्या दिवशी एका कास्तकाराचं हार्वेस्टर त्यांच्यासमोरून वावरात गेलं. सोयाबीनचा हंगाम किती दिवसांचा असतो? शेंगा तडकाले लागल्या की कोणी कोणासाठी थांबत नाही. म्होरकी म्हणून मायले तोंड दाखवाले जागा राह्यली नाही.

मालनकाकू मायची जुनी जोडीदारीण. मी पाळण्यात होती तवा ती अन् माय एका सरीत सोंगायच्या. ती सगळ्यांसमोर मायले म्हणाली, “तुह्या पोट्टीनं आमाले इकलं.”

मी घरी गेली तं माय तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. मी सांगाले लागली, मेसेज टाकला होता, टेक्निकल होतं, वरून ठरलं होतं. तिनं सारं ऐकलं. मग म्हणाली, “तू एक फोन कराचा होता. खराखुरा. मी तं उचललाच असता.”

त्याच्यानंतर ती बोलली नाही. रडली असती, शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. दिवाळी झाली अन् माय-बाबा वीटभट्टीवर गेले. ज्या तरकिबीनं गावातच काम भेटत होतं, बाहेर जाणं सुटलं होतं, ती मी काढून घेतली. मालनकाकू लेक-सुनेसंगं ऊसतोडीले गेली. वस्तीत म्हातारी माणसं राह्यली.

हिवाळ्यात सरांचा फोन आला. बंगलोरचे इन्व्हेस्टर वाशीमले येणार होते. हॉलमध्ये कार्यक्रम. “आईंना घेऊन ये. स्टेजवर शाल-श्रीफळ देऊ. त्या जाहिरातीतल्या गेटअपमध्येच आण.”

“आई वीटभट्टीवर गेली आहे, सर.”

मले वाटलं, विचारतीन, काहून गेली? अ‍ॅप असून काहून गेली? ते म्हणाले, “मग दुसरी एखादी बाई बघ ना. तशाच वयाची. लांबून कोणाला कळतंय?”

आतापर्यंत मी सारं गिळलं होतं. हे नाही गेलं. दुसरी एखादी बाई. माह्या मायच्या जागी कोणतीबी चालन. तिचं डोकं घेतलं, तिचं नाव घेतलं नाही, अन् आता तिचं अंगबी बदलून चालन.

मी म्हणली, “बघते.” अन् एकटीच गेली.

हॉलमध्ये पडद्यावर जाहिरात लावली. माय लंगडत चालली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सरांनी माइक मले दिला, दोन शब्द बोल म्हणून.

“ही बाई माही माय होय. मिस्ड कॉलची तरकीब तिची होय. सरांनी गाडी कुठंच थांबवली नव्हती. मिस्ड कॉलचं काम बंद केलं तं बाया फाट्यावर बसून राह्यल्या. माय आता भट्टीवर विटा थापून राह्यली. तिची चप्पल मी काढाले लावली. तुमी टाळ्या त्याच्यावर वाजवल्या.”

माइक बंद झाला. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यानं सरांले इंग्रजीत विचारलं, काय म्हणते ही? सर हसले. म्हणाले, “शी इज इमोशनल.”

मी गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं अन् बाहेर पडली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. बसमध्ये लय रडली.

आता कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. ही सिस्टीम कंपनीची मालमत्ता, मी तशी दुसरी चालवू शकत नाही, सही आहे माही. ऊसतोडीवरून मालनकाकू परत आली तं मी तिच्या दारात गेली. तिनं दार अर्धंच उघडलं. म्हणे, “आता काय न्याले आली?” मी सांगितलं, कंपनीशी कोर्टात लढाचं आहे, जबाब पाहिजे. मिस्ड कॉल कोणी सुरू केला, कधी केला, हे माह्या वकिलासमोर सांगाचं आहे. तिनं दार लावून घेतलं. तिचं काही चुकलं नाही. मी उद्या पुन्हा जाईन. परवा जाईन. पंधराही दारांत जाईन, जठी उभी करतीन तठी उभी राहीन.

मायनं माफ केलं नाही. माफी मागाले मी भट्टीवर जाणार नाही. जबाब घ्याले जाईन. सही माही आहे, पण जे विकलं ते माहं नव्हतंच. ते माह्या मायचं होतं अन् तिले कोणी विचारलं नाही. कंपनीनं नाही, मीबी नाही. कोर्टात हेच सांगणार आहे. अन् पहिला जबाब माहा राहीन, माह्याच विरोधात.