बाहेरच्या गाठी

धागा तुटला की गाठ मारायची आणि ती मोज्याच्या आतल्या बाजूला लपवायची, एवढं विणकामातलं ओ की ठो न कळणारा माणूसही सांगेल. कमलबाई मात्र गाठ बाहेर ठेवत. कुणी टोकलं तर म्हणत, "लोकाइच्या डोयाले टोचन तं टोचू दे, पायाले नाई टोचली पाह्यजे."

कमलबाई भद्रावतीतल्या माझ्या शेजारीण. नवरा आयुध निर्माणीत होता. तेव्हा कॉलनीत शेजारी राहणाऱ्या एका हिमाचली बाईकडून त्या मोजे विणायला शिकल्या. आमचा उन्हाळा सोसलेला कुणीही मोजे विणणाऱ्या बाईला हसणारच. मीही हसलो होतो. तर म्हणाल्या, "थंडी दोन मैने राह्यते भाऊ, अन् मले एक जोडी विनाले आठ मैने लागते. मंग आत्ताच सुरू नाई करू काय?"

माझा उजवा पाय हत्तीरोगाचा. धानाच्या मुलखात वाढलो, तिथल्या डासांची ही देणगी. मास्तरकी करताना मी पँटचे दोन्ही पाय ढगळ शिवून घ्यायचो, म्हणजे जाड पाय कुठला ते कळू नये. कुणाच्या घरात पाऊल टाकायचो नाही, कारण दाराशी बूट काढावे लागतात. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं; ते ठाऊक आहे हे फक्त मला ठाऊक नव्हतं. कमलबाईंनीही कधी "आत या" म्हटलं नाही. मी गेलो की खुर्ची ओट्यावर आणून ठेवायच्या आणि स्वतः उंबऱ्यावर विणत बसायच्या.

माझ्या मुलीचं लग्न जमलं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, गडचांदूरला, मुलाच्या घरी. मी सहज म्हणून सांगितलं, की माझ्या जागी धाकटा भाऊ बसेल. बाईंच्या सुया थांबल्या.

"बापाच्या जागी काका काऊन? बाप मेला काय?"

मी नकळत पायाकडे पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "संध्याकाळी या. पाय सुजलेला असला का माप बरोबर येते."

त्या संध्याकाळी घराबाहेरच्या माणसासमोर मी पहिल्यांदा पँट गुडघ्यापर्यंत सारली. बाईंनी तीन ठिकाणी दोरा गुंडाळून माप घेतलं, जसं भोपळ्याचं घ्यावं, आणि विचारलं, "रोज धुवून कोरडा करता ना?" बस, एवढंच.

पुण्याहून त्यांच्या मुलीनं नव्या तऱ्हेचा सुती धागा पाठवला होता. एकाच धाग्यावर ओळीनं रंग चढवलेले, त्यामुळे नुसतं विणत जावं आणि पट्टे आपोआप पडावेत. पिवळा, निळा, मातकट. एरवी आठ महिने घेणाऱ्या बाईंनी बाकी सगळं बाजूला सारून महिन्याभरात जोडी समोर ठेवली आणि मला राग आला. डाव्या मोज्यावर दोन बोटं रुंद पट्टे, उजव्यावर जेमतेम बोटभर. जाड पायाच्या फेऱ्यात धागा लवकर संपतो, म्हणून पट्टा अरुंद होतो. आता माझे पाय वेगळे आहेत हे मोजेच ओरडून सांगत होते.

"याच्यापेक्षा एकरंगी विणायचे होते," मी तोडून बोललो.

"एकरंगी मोज्यात पाय लपते," बाई म्हणाल्या. "मले तुमचा पाय लपवाचा नाई, जोडीचा कराचा हाये."

त्यांनी उजवा मोजा उसवला. मग त्याच धाग्याचे दोन गुंडे घेतले. एकातला पिवळा संपला की दुसऱ्यातला पिवळा कापून जोडायचा, मग दोन्हीतला निळा. पट्टा डाव्याइतकाच रुंद झाला, पण प्रत्येक जोडाला गाठ आली. सगळ्या गाठी बाहेर.

गडचांदूरला दाराशी बूट काढले. व्याही खाली बघत राहिले. म्हणाले, "भाऊ, एक मोजा उलटा घातला वाटते."

हो म्हणून सुटता आलं असतं. पण आठवलं, बाईंनी एकेक रंग कापून जोडला होता. मी म्हणालो, "उलटा नाही. हा पाय हत्तीरोगाचा आहे. गाठ आत असली की टोचते." आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं.

व्याही म्हणाले, "मंग बरोबर हाये. या, बसा." माझ्याच हातानं साक्षगंध पार पडलं.

परतल्यावर बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "मंग आता आत येनार काय?" मी सवयीनं ओट्यावरच बसलो. म्हटलं, इथं वारा छान लागतो. त्यांनी पुन्हा सुया हातात घेतल्या. मग रोजच पुढच्या वेळी, पुढच्या वेळी असं झालं.

गेल्या उन्हाळ्यात कमलबाई गेल्या. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. दाराशी बूट काढले, मोजेही काढले आणि उघड्या पायांनी आत गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. भिंतीशी एक रुंद खुर्ची होती, तिच्यासमोर पाय ठेवायला बुटका पाट. मी खाली बसू लागलो तर त्यांच्या मुलीनं हात धरला.

"काका, इथं बसा. साक्षगंध झालं तेव्हापासून आईनं ठेवली आहे. कुणालाच बसू द्यायची नाही. म्हणायची, मास्तर येऊन राह्यले."

मी बसलो आणि सगळ्यांदेखत उजवा पाय त्या पाटावर ठेवला.