पप्पांचा खोकला

बी. फार्म. झालं तेव्हा पुंडलिकनगरातल्या आमच्या मेडिकलमध्ये माझी खुर्ची तयारच होती. पप्पांनी हौसेनं नवी आणलेली, गादीची. मला मात्र पुढं शिकायचं होतं, फार्माकोएपिडेमिऑलॉजी. लांबच्या शहरात प्रवेशही मिळाला होता. फी भरायला थोडेच आठवडे उरले होते, आणि पप्पा हो म्हणत नव्हते.

"हे नाव घेईपर्यंत गिऱ्हाईक निघून जाईल! करणार काय तू नेमकं?"

"औषध घेतल्यावर माणसाचं पुढं काय होतं ते बघायचं. एकाचं नाय, हजारोंचं."

"ते डॉक्टर बघतात. आणि नोकरी कोण देणार?"

औषध कंपन्या, संशोधन संस्था, औषधांच्या सुरक्षेवर नजर ठेवणारी सरकारी कार्यालयं, सगळं सांगून झालं. पिशोरचे काका तर फोन करकरून वाळूजच्या कंपनीत चिकटायला सांगायचे. स्वतः जन्मात सर्दीची गोळी घेतली नाही, पण सल्ला द्यायला सगळ्यांत पुढं! लई राग यायचा.

त्याच दिवसांत पप्पांना कोरडा खोकला लागला. दुकानातल्याच बाटल्या रिचवत होते. आई म्हणायची, धूळ आहे. काका म्हणायचे, फ्रिजचं पाणी. मला काउंटरवर बसून एक खोड लागली होती. खोकल्याचं औषध मागणाऱ्याला विचारायचं, बाकी काय चालू आहे? बीपीची एक ठरावीक गोळी घेणारे त्यात पुन्हापुन्हा निघायचे. त्या गोळीनं काहींना कोरडा खोकला लागतो हे पुस्तकात होतंच, पण समोर माणूस खोकताना बघणं वेगळं. पप्पांची गोळीही तीच होती.

सांगितलं तर भडकले. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून औषधं विकतोय मी. मला शिकवतेस?" मग अबोला. मीही त्यांचीच पोरगी, हटले नाही. शेवटी आईनंच त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी गोळी बदलली.

खोकला काही लगेच थांबला नाही. माझा जीव टांगणीला! माझं चुकलं असतं तर पुढं शिकायचं नाव काढायची सोय उरली नसती. मग एका सकाळी पप्पा पेपरातली बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवत होते, सबंध, मध्ये एकदाही न खोकता.

त्याच दुपारी हर्सूलहून एक बाई खोकल्याची बाटली मागत आल्या. मी उठणार तोच पप्पा म्हणाले, "ताई, बीपीची गोळी चालू आहे का? कोणती?" नाव ऐकून म्हणाले, "मग आधी डॉक्टरांना विचारा. मनानं बंद करू नका हां."

बाई गेल्या. पप्पांनी बाटली परत फळीवर ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "एका दुकानात बसून असं किती जणांना विचारणार? तू जा, माय. उद्याच फी भरून टाक."

मला तिथंच रडू फुटलं.

"आता काय झालं रडायला?" पप्पा म्हणाले, आणि स्वतःचेच डोळे पुसायला लागले.