फाटकावरची टाळेबंदी

आमच्याकडे पाहुण्यांच्या हातात पाण्याच्या आधी पत्रक पडायचं. बाबा साजगावच्या एका कारखान्यात कामाला होते आणि तिथली युनियन चालवायचे. पत्रकांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. आता मीही पत्रकं लिहिते, आणि 'स्वातंत्र्य' हा शब्द आल्याशिवाय माझं एकही पत्रक पुरं होत नाही.

त्याच मी गेल्या वर्षी भिसेगावातल्या आमच्या घराच्या फाटकाला कुलूप लावलं. बाबा आत, चावी माझ्याकडे.

बाबांना पार्किन्सन आहे. हात थरथरतो ते लोकांना दिसतं. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, दारात आणि अरुंद जागी तर हमखास, ते कुणाला कळत नाही. रोज सकाळी चौकात जायचं, पेपर घ्यायचा, उभ्या उभ्या कुणाशी तरी राजकारणावरून भांडायचं आणि परत यायचं, एवढंच त्यांचं एकट्याचं उरलं होतं. एका सकाळी ते गतिरोधकाजवळ पडले. कोपर सोलवटलं, चष्मा फुटला. दुसऱ्या दिवशी मी कुलूप घातलं.

बाबा ओरडले नाहीत. खुर्ची आणून त्यांनी फाटकाच्या आत ठाण मांडलं.

"चहा घ्या, बाबा."

"मालकाच्या हातचा चहा घेत नाय मी. आधी टाळेबंदी उठव."

"परत पडलात म्हणजे?"

"मग उठंन. आजार माझा हाय, चावी तुझ्याकडं कशी गं?"

त्यांचं खरं होतं. पण डोकं आपटलं असतं तर, हा माझा प्रश्नही खोटा नव्हता. आई अंगण झाडत होती. ती म्हणाली, "दोघांची भाषणं झाली असतील तर बोलणी सुरू करा."

बोलणी दुपारपर्यंत चालली. गोळी लागू पडल्यावरच निघायचं, हे बाबांनी लगेच मान्य केलं. टेंपो धावतात तो रस्ता सोडून मागच्या गल्लीनं जायचं, हे कुरकुरत. मोबाइल गळ्यात अडकवायला मात्र साफ नकार. "मी काय गाय हाय, घंटा बांधायला?" शेवटी तो खिशात गेला. अंग आखडलेलं असेल त्या दिवशी घरी थांबायचं, पण ते ठरवणार बाबाच. त्यांची मागणी एकच होती, मागून कुणी यायचं नाही. ती मला फार जड गेली. पण मान्य केली.

राहिला पाय अडकण्याचा प्रश्न. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, गाणं म्हणा, तालावर पाय सुटतो.

"गाणी मला येत नायत," बाबा म्हणाले. "ताल येतो."

पहिल्याच सकाळी किराणा दुकानासमोर त्यांचे पाय अडकले. त्यांनी काठी वर केली आणि खणखणीत आवाजात घोषणा दिली, "कोण म्हणतो देणार नाय? घेतल्याशिवाय राहणार नाय!" पाय सुटले. दुकानदाराला वाटलं मोर्चा आला, त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. बाबा घरी आले ते इतक्या खुशीत, की पेपर आणायचाच विसरले.

"एकट्यानं दुकान बंद पाडलं गं मी!"

आता तो दुकानदार गल्ल्यावरूनच घोषणेचा दुसरा अर्धा भाग देतो.

आजार थांबलेला नाही. चौक हळूहळू लांब पडू लागलाय आणि पुन्हा बोलणी करावी लागतील, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. आज सकाळी ते परत आले आणि उघड्या फाटकातच अडकले. मी अंगणात होते. धावत जाऊन दंड धरावा असं वाटलं. त्यांनी नुसतं बघितलं, मी जागीच थांबले.

"कोण म्हणतो देणार नाय?" मी म्हणाले.

"आवाज कुठाय? अशानं कारखाना बंद पडतो होय?"

मी घसा फुटेस्तोवर ओरडले. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी हसलं. बाबांनी उरलेली ओळ पुरी केली, पेपर काखेत दाबला आणि आत आले.

"चहा टाक आता," ते म्हणाले.