मुकादमाची अर्धी दाढी

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचं आयुष्य दुसऱ्यांच्या गालांवर गेलं. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच डुलकी काढायचं. स्वभाव मात्र मुळमुळीत. त्याची बायको म्हणायची, "सगळी धार वस्तऱ्यालाच दिली देवानं."

दर शनिवारी दुपारी दुकानाचं शटर ओढून घेऊन तो पलीकडच्या गल्लीत बापाकडे जायचा. बापाला सगळे मुकादम म्हणत. गोदामातल्या हमालांवर ओरडण्यात म्हाताऱ्याचा जन्म गेला. पुढं गोदाम सुटलं, ओरडणं काही सुटलं नाही. हाताला कंप आल्यापासून त्याला स्वतःची दाढी जमेना, आणि रविवारी चर्चमध्ये उपासनेला पहिल्या बाकावर खुंट वाढवून बसायचं म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं. मग पोरगाच करायचा.

फेस लागला की म्हाताऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. विषय एकच, सून. ती अनाथाश्रमात वाढलेली. तान्ही असताना चर्चच्या पायरीवर सापडली, हे तिनंच लग्नाआधी सांगून टाकलेलं. मुकादमानं नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. तिला नावानं हाक म्हणून कधी मारली नाही. "आज सापडलेलीनं काय पाठवलंय?" असं विचारायचा, आणि तिच्याच हातचा डबा चाटूनपुसून खायचा.

सलूनवाला मूग गिळून बसायचा. त्यानं आपली एक सोय करून ठेवली होती. जिना चढतानाच तो प्रार्थना करी आणि बापाला आगाऊ माफ करून टाकी. वर गेल्यावर मग ऐकायचं काही उरतच नसे.

एकदा तो डबा घरीच विसरला. बायको तो घेऊन जिना चढली आणि दारातूनच तिनं ऐकलं. "कुणाची कोण देव जाणे, आणि माझ्या घरात सून म्हणून मिरवते ती सापडलेली!" तिनं डबा उंबऱ्याशी ठेवला आणि माघारी फिरली.

घरी आल्यावर कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तिकडं जाऊ नका असं मी म्हणणार नाही. बाप आहे तुमचा. माफ तर मीही करते त्यांना. भांड्यांसारखं रोज करावं लागतं ते. पण ते तसं बोलले तेव्हा तुमचा हात थांबला नाही. ब्रश फिरवतच राहिलात."

"मग काय भांडायचं होतं?"

"ते तुम्ही बघा. माझ्या बाजूनं आश्रमातही कुणी नव्हतं. पण तिथं कुणी असेल अशी आशाही नव्हती."

आठवडाभर वस्तऱ्याला धार लावताना त्याला तेच वाक्य ऐकू यायचं. पुढच्या शनिवारी जिना चढताना त्यानं बापाला माफ केलं, नेहमीसारखंच. पण या खेपेला देवाकडे आणखी एक गोष्ट मागितली: जीभ.

"बाबा, एक सांगायचंय."

"आहे का तोंड? मला वाटलं बायकोनं ठेवून घेतलं."

"मी दर शनिवारी येणार. तुम्ही हाकललंत तरी येणार. पण तिला 'सापडलेली' म्हणालात की वस्तरा मिटणार. दाढी कुठवर आलीय ते बघणार नाही."

म्हातारा फेसातून फिसकन हसला. उजवा गाल झाला, हनुवटी अर्धी झाली. मग त्यानं मजा बघायची म्हणून सावकाश विचारलं, "कुणी शिकवलं हे? सापडलेलीनं?"

वस्तरा मिटला. सलूनवाल्यानं बापाचा फेस पुसला, गालाला तुरटी लावली, डबा उघडून समोर ठेवला. "येतो बाबा. शनिवारी."

"ए! अरे, ही काय थट्टा? इकडं ये!"

तो जिना उतरून गेला.

बाजारात आणखी दोन सलूनं होती, पण मुकादमानं दोन्हींच्या मालकांना कधी ना कधी चोर म्हटलेलं. रविवारी तो हट्टाला पेटून तसाच पहिल्या बाकावर जाऊन बसला, अर्धा तुळतुळीत, अर्धा पांढऱ्या खुंटांचा. उपासना सुटल्यावर दारात उभं राहून सगळ्यांना गाल दाखवू लागला. "बघा! पोटच्या पोरानं काय केलंय बघा!"

गाणाऱ्यांतली एक म्हातारी म्हणाली, "मुकादम, एका बाजूनं अगदी तरणे दिसताय हो!"

पाळकसाहेबांनी सलूनवाल्याला बाजूला घेतलं. "अरे, बापाचा मान राखायची देवाची आज्ञा आहे ना?"

"राखतोय की साहेब. म्हणून तर शनिवारी परत जाणार. पण बायकोचा मान कापून बापाला वाढायचा, असं काही आज्ञेत नाही."

पाळकसाहेबांनी हनुवटी खाजवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

डबा शेजारच्या पोराच्या हातून रोजच्यासारखा जात राहिला. सलूनवाला वरून शांत, आतून मात्र त्याची झोप उडालेली. बापानं दार लावून घेतलं तर बाप गेला, आणि आपण नमलो तर बायको गेली. तरी शनिवारी दुकान ओढून तो निघालाच.

दार नुसतं लोटलेलं होतं. म्हातारा खुर्चीत पाठमोरा, गळ्याभोवती टॉवेल स्वतःच गुंडाळून बसलेला. सलूनवाल्यानं राहिलेल्या डाव्या गालापासून सुरुवात केली. मानेपाशी आला तेव्हा म्हाताऱ्याचा गळा हलला.

"ती..."

वस्तरा कातडीपासून उचलला गेला आणि हवेत थांबला. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. म्हाताऱ्यानं आरशात वस्तऱ्याकडे पाहिलं, मग पोराच्या तोंडाकडे.

"तुझी बायको," तो गुरगुरला, "भाजीत मीठ कमी घालते."

"तक्रार चालेल, बाबा," सलूनवाला म्हणाला, आणि वस्तरा पुन्हा खाली आला.

घरी पोचताच बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

"भाजीत मीठ कमी असतं म्हणाले."

"कोण कमी घालतं म्हणाले?"

"तुझी बायको, म्हणाले."

हातातला टॉवेल तिनं एकदा झटकला आणि पुन्हा एकदा झटकला. मग म्हणाली, "मीठ डॉक्टरांनी कमी सांगितलंय. वाढणार नाही म्हणावं त्यांना."

"सांगतो," तो म्हणाला. "शनिवारी."