मॅलकीची तीन मिनिटं

आयर्लंडमधल्या लिमरिकला आमचं विनापरवाना रेडिओ स्टेशन होतं. त्याचा प्रक्षेपणाचा खांब मॅलकी टूहीने उभारला. तो वर चढायचा, मी खाली दोर धरायचो. छापा पडला की सामान जप्त व्हायचं आणि मॅलकी पहिल्या गाठीपासून पुन्हा सुरुवात करायचा. नाव मात्र माइकवर बोलणाऱ्यांचं झालं.

अठ्ठ्याऐंशीच्या शेवटी नवा कायदा आला आणि स्टेशन बंद करावं लागलं. शेवटच्या दुपारी मॅलकीला पहिल्यांदा माइकसमोर बसवलं. तो तीन मिनिटं बोलला.

गेल्या वर्षी तो वारला. त्याची बायको डिंप्ना म्हणाली, "एकदा त्याचा आवाज ऐकायचाय रे."

अशा स्टेशनांच्या टेपा जपणाऱ्या एका संस्थेत मी तिला नेलं. त्या दुपारची एकच टेप त्यांच्याकडे होती, चर्चने लोकांकडून गोळा केलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आलेली. डिंप्नाने डबी हातात घेऊन वरचं अक्षर पाहिलं. अक्षर तिचंच होतं.

टेप लावली. एक गाणं संपलं. "बरं का मंडळी, मी मॅलकी..." आणि खट्. लगेच पुढचं गाणं.

तेव्हा घरोघरी हेच चालायचं. रेडिओवरची गाणी टेपवर उतरवून घ्यायची आणि कोणी बोलू लागलं की बटण दाबून टेप थांबवायची.

"अगं, तुझा नवरा बोलत होता ना!" मी म्हणालो.

"तो घरी रोजच बोलायचा," डिंप्ना म्हणाली. "म्हटलं, टेप कशाला वाया घालवू?"